जावेचा रिपोर्ट

सांगाले लाज वाटते, पण धाकट्या जावेवर मी लय जळत होती. तिले चार वर्षांची पोरगी, अन् पुन्हा दिवस गेलेले. माझ्या लग्नाले बारा वर्षं झाली, तरी मले लेकरू नाई.

त्यात पोरीले कांजण्या निघाल्या. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरीणबाईनं आम्हा दोघी जावांचं रक्त तपासाले पाठवलं.

रिपोर्ट पाहून त्या मले म्हणाल्या, "तुम्हाला लहानपणी कांजण्या होऊन गेल्यात, रक्तात अँटिबॉडी आहेत. हिच्या रक्तात नाहीत. पोटातल्या बाळाला धोका आहे. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत हिनं पोरीजवळ जायचं नाही."

जाऊ तिथंच रडाले लागली. अन् मले, खोटं काऊन बोलू, आतून आनंद झाला.

तेवढे दिवस पोरगी माझ्याच कुशीत झोपली. जाऊ अंगणातून खिडकीकडं पाहत राहे.

डॉक्टरीणबाईनं हो म्हटलं, तशी जाऊ धावत आली. पोरगी माझ्या गळ्याले बिलगली, सोडेच ना.

"जाऊबाई," ती म्हणाली, "तुमच्या रक्तात होतं, ते माझ्याच रक्तात काऊन नव्हतं?"

पहिल्यांदा कोणी माझ्यावर जळून राह्यलं होतं.

मी पोरगी तिच्याजवळ दिली. पण लगेच नाई दिली.