गोधड्यांच्या थप्पीतलं जॅकेट

हॅलो?

हॅलो… कोण? जरा जोरात बोला, इथं खाली सगळे लूम चालू आहेत… कोण, मेघाली? अगं, नवऱ्याच्या फोनवरून होय? जीवनचा नंबर बघून मला वाटलं तोच बोलतोय.

कुठून बोलतेस? विहिरीवरून? बरं, रेंज आहे तिथंच उभी राहा, हलू नको.

ऐक, मीच करणार होते फोन. उद्याचं नीट डोक्यात ठेव. गोडाऊनचा टेम्पो पहाटे अंधारातच नाक्यावर येतो आणि कुणासाठी थांबत नाय. तू आधी जाऊन उभी राहा. मी नारपोलीला चढेन, मग दोघी बरोबर काल्हेरला. पहिल्या दिवशी दांडी चालत नाय गोडाऊनला. दारात बायका उभ्याच असतात, तू नाय तर दुसरी. आणि सुपरवायझरकडे मी शब्द टाकलाय, माझी बहीण आहे म्हणून…

हो, हो… सांगशील तू, आधी माझं होऊ दे. कुणाल, दूध बघ रे. गॅस बारीक कर. बारीक, बंद नको.

हां. तर ड्रेस कुठला घालतेस? तो चॉकलेटी? घाल. त्यावर जॅकेट. चेन गळ्यापर्यंत लाव, टेम्पोत मागून वारा नुसता कानात शिरतो. आणि ती चेन खालूनपण उघडते, बघितलंस ना? मुद्दाम तशी आणली. घरी आलीस की पोराला पाजायला घेताना सगळं जॅकेट काढायला नको. बाहीला बटण आहे, भांडी घासताना वर करून अडकवायची. मोबाईल, किल्ली आतल्या खिशात. बाहेरच्या खिशात ठेवलंस तर पॅकिंग करताना खाली पडेल, माझं पडलं होतं.

अगं ऐक ना… कमरेला टक घेतलाय, म्हणून पोतं घातल्यासारखं दिसत नाय. इथल्या बायका विचारतात, कुठून घेतलं, ठाण्यावरून? म्हटलं, आमच्याच लूमचं जाड कापड, डाग पडला म्हणून हिशेब बघणाऱ्या मेहताजींनी बाजूला काढलेलं. मोरपिशी रंगवलं, आत जुन्या साडीचं अस्तर, मध्ये कापूस, वरून गोधडीचे दोरे. दोन शिवली. एक तुला, एक मला. आपण काय थंडीत शाल सांभाळत बसायचं? शाल धरायची की पोर धरायचं?

आणि मुद्दाम गुडघ्याच्या खाली लांब ठेवलंय, तुझ्या सासूसाठी, बायजामावशींसाठी. गोडाऊनला साडी चालत नाय, पदर ट्रॉलीच्या चाकात जातो. आणि तुझी सासू म्हणते, सून नुसत्या ड्रेसवर उंबऱ्याबाहेर जाणार नाय. आता कसं, सगळं झाकलेलं. त्यांना बोलायला जागाच नाय ठेवली मी…

काय?

नाय म्हणजे? नाय कुठं?

अगं, रडत बोललीस तर मला काय कळणार? हळू. जॅकेट नाय घरात? कुठं ठेवलं होतंस?

गोधड्यांच्या थप्पीत?

मेघाली, तुला देवानं डोकं दिलंय की नाय? सकाळी निघेपर्यंत सासूपासून लपवायचं आणि थंडीच्या दिवसांत गोधड्यांत लपवायचं? घरात पहिला हात तिथंच जातो… मी सांगितलं होतं? मी? मी म्हटलं होतं कपड्यांत ठेव… बरं, म्हटलं असेन. गोधड्यांत म्हटलं असेन. शोधलं जात नाय तिथं, असं वाटलं मला. आता माझ्यावर नको ढकलू.

हां भाभी, अभी नहीं, फोन पे हूँ. बाद में आओ… तुला नाय गं, वरच्या भाभीला.

थप्पी विस्कटलेली आहे? म्हणजे त्यांनीच काढलं. दुसरं कोण काढणार? तू दुपारभर वाल खुडायला गेलीस, घरात त्या आणि तुझं पोर, भाविक. सापडलं असणार, बघितलं असणार, कळलं असणार उद्या घालून जाणार म्हणून. गेलं ते. नाय, मी बोलणारच. तुझ्या पोटाला दोन पैसे सुटतील म्हणून मी तीन आठवडे रात्रीचे डोळे फोडले, लाईट जायची तर मेणबत्तीवर टाके घातले, आणि ह्या बाईनं काय केलं, चुलीत घातलं?

त्यांची बाजू तू नको घेऊ. मला माहीत आहेत त्या. लग्नात पण आहेरावरून…

हो, बरं. शांत. शांतच आहे मी.

असं कर. फोन चालू ठेव आणि घरी जा. अंगणात रेंज येते ना? जा, आणि सरळ विचार. घाबरू नको. माझं नाव सांग. भाविक कुठं आहे? त्यांच्याजवळच? मग चल पटपट… चाललीस? मला पावलं ऐकू येतायत. पडशील, बघून चाल.

कुणाल, दूध उतू गेलं ना? पूस. फडक्यानं, टॉवेलनं नको.

बोल. पोचलीस?… का थांबलीस? मेघाली?

पडवीत आहेत… मग?

अंगात? काय अंगात?

लुगड्यावर? जॅकेट घालून बसल्यात?

चेन लावून?… हसू नको. मी पण हसत नाय. विचार त्यांना, म्हणावं, काढा, सकाळी लागणार आहे मला. विचार ना…

काय म्हणाल्या?

देणार नाय म्हणाल्या? अशा तोंडावर? बघ, मी म्हटलं नव्हतं? दे त्यांना फोन. दे तू. मी बघते. दे…

हॅलो… हां मावशी, मी मृणाली. हां, बरी हाय. तुम्ही बऱ्या हाव ना? थंडी लय पडली तुमच्याकडं…

मावशी, ते जॅकेट… हो, मीच शिवलं. खांद्यात आवळतंय? तुमच्या मापाचं न्हाय ते, मेघालीच्या मापाचं हाय. आता लपवून काय करायचं, उद्यापासून ती गोडाऊनला जाणार, ड्रेस घालून. साडी चालत न्हाय तिथं. जॅकेटशिवाय तुम्ही सोडणार न्हाय, आणि तुम्ही तर ते…

काय? हळू बोलू? का?

कोण झोपलाय?

भाविक? आत? जॅकेटच्या आत?

…

दुपारभर रडत होता? पाणी नको, साखर नको, पाळणा नको… हां… मग गोधडी काढायला गेलात… हां… आणि हे हातात आलं.

तुम्ही घातलंत, त्याला आत घेतलं, आणि गप झाला.

आईचा वास हाय त्याला? कसा असेल मावशी, नवं कोरं… रोज रात्री ती हेच घालून पाजते? तुम्हाला माहीत होतं? सगळं माहीत होतं?

…

न्हाय, रडत न्हाय मी. सर्दी झालीय.

म्हणून देणार न्हाय. हां. कळलं. ती कामावर गेली की दिवसभर तो ह्यातच राहील, तुमच्याजवळ. मग तिनं काय घालायचं?… ड्रेस? नुसता ड्रेस घालून सोडाल?

मावशी, मी मघाशी तुम्हाला काय काय बोलले… न्हाय, तुमच्यासमोर न्हाय बोलले. तिला बोलले. चुकलं माझं.

खांद्यात उसवून देते मी, रविवारी येते. हात वर होत न्हाय? होईल, जादा कापडाची कळी घालते काखेत… मेघालीला द्या.

ऐकलंस? आता तू कशाला रडतेस? नारपोलीपर्यंत जीवनचा स्वेटर घाल. टेम्पोत मी माझं जॅकेट काढून देते, कामावर तू ते घाल. मला शाल आहे… असू दे गं, मी सांभाळीन शाल. माझी पोरं मोठी झाली.

आणि तू निघताना त्याला उचलू नको, पापा घेऊ नको. आहे तसा राहू दे त्यांच्या पोटाशी. जागा झाला तर तुझा पाय निघणार नाय.

हो. हो, उठवू नको. बाजूला जाऊन बोल… नको, बोलूच नको आता. ठेव.