पोदेराच्या सायकलची हवा

सेजल : परत बसली हवा? काकी, काल संध्याकाळी मी स्वतः पंप मारला होता. दोन्ही सायकलींना!

विमला : चारही चाकां चपटी झाली, बाय. काल दुपारी तसां, आज सकाळी तसां. तुमच्या मोरजेच्या वाळूत काटे आसत काय?

सगुण : काटे नाय गो, खारी हवा. दर्याकडे रबर टिकणा नाय. तीस वर्सां डिचोलीच्या खाणीर ट्रक चालवलंय, टायराचा माका सांगू नकात. चल, आपण चालतच जावया. पाय मोकळे होतले.

विमला : काल दोनदा चाललंव. कासवांच्या अंड्यांच्या कुंपणापर्यंत गेलंव आणि परत इलंव. गो सेजल, आमच्या लेकीन, गौरवीन पैशे भरून आमका हय पाठवलां, त्या तुमच्या कागदार काय लिवलां ता वाच.

सेजल : 'समुद्रकिनारी तंबूत दोन दिवस निवांत मुक्काम. चालणे, सायकल, सकाळचा नाश्ता.'

विमला : चालणा झाला. निवांत तर हे इतके झाले की घोरण्यान तंबूचे दोर हलत होते. रवली सायकल. आणि अकरा वाजता आमका निघाचा आसा.

सगुण : नाश्तो पण रवलो.

सेजल : काका, तुम्ही बसा नाश्त्याला, गरम पाव आलेत. मी हवा भरते. पण एक कळत नाही. वॉलची टोपणंही गायब आहेत, चारही. ती काय खाऱ्या हवेने उडाली?

सगुण : कावळे न्हेतत.

विमला : कावळे! आणि तुमच्या खिशात काय वाजता?

सगुण : सुपारी.

विमला : सुपारी सोडून चार वर्सां झाली तुमका. भायर काढा.

सेजल : अय्या! चारही टोपणं!

सगुण : पडलेली गावली. सांभाळून ठेवलंय.

विमला : थांबा. माका बघू दे. अवो... लग्नात माझ्या बापाशीन बांद्याहून माका सायकल दिली होती. निळी. ती घेऊन मी डिचोलीत शिवणाच्या क्लासाक जाई होतंय. तिची पण रोज हवा जाई होती. तुमी सांगी होतात, खाणीचो रस्तो, खडे आसत.

सगुण : खडे होतेच.

विमला : माझ्याकडे बघून सांगा.

सगुण : सेजल, चाय आसा काय गो?

सेजल : आहे. पण मी आता इथून हलणार नाही, काका.

विमला : रोज पंप मारून कंटाळलंय आणि सायकल नणंदेक देऊन टाकलंय. क्लास सुटलो. त्या दिवशी मी किती रडलंय! आणि तुमी माका भजी हाडून दिल्यात.

सगुण : मिरचीची.

विमला : भजी इसरूक नाय, बरा! कशाक केल्यात ता सांगा.

सगुण : गॅरेजातले हसी होते. 'सगुणाची बायल सायकल मारता, आता सगुणाक पण चालवून दाखवाक सांगा.' माका येणा नाय, विमला.

सेजल : काय येत नाही?

सगुण : सायकल गो! धा चाकां चालवतंय, दोन चाकांर पडतंय. कोणाक सांगूक नाय. तेव्हा वाटला, ही फुडे जातली आणि मी मागे रवतलंय. वायट केलंय.

विमला : वायटच केल्यात. माका खूप राग इलो हा, सांगून ठेवतंय. भज्यांनी भागाचो नाय. सेजल, त्या हॉर्नवाल्या सायकलीक मागे कॅरियर आसा मा?

सेजल : आहे ना. हॉर्न वाजवत पाव विकायला दारोदार फिरायचा त्या पोदेराची जुनी सायकल ती. पावाची मोठी टोपली बसायची मागे, एकदम पक्कं आहे.

विमला : मगे ह्यो सत्तर किलोचो पाव बसात.

सगुण : मी? मागे? लोक काय म्हणतले?

विमला : ता माका पण बघूचा आसा. सेजल, हवा भर. आणि हॉर्न काढून ह्यांच्या हातात दी. तेवढा तरी काम करांदे.

(थोड्या वेळाने, आश्वेच्या रस्त्यावर)

सगुण : हळू गो! फुडे म्हस! क्लच दाब, क्लच!

विमला : क्लच नाय हेका. हॉर्न वाजवा.

सगुण : पों पों! पों पों! गेली बाजूक. विमला, तुका अजून बरी येता गो.

विमला : पाय वर घेवा. घासतत.

एक बाई : ए पोदेर! पोदेर! रव रे, चार पाव दी!

सगुण : मेलंव! ती बाय पिशवी घेऊन धावता मागसून. तिच्या मागे आणखी एक!

विमला : हॉर्न ऐकून इल्यो त्यो. थांबू?

सगुण : नको. आता थांबू नको.