टांगत्या माशाचा ठिपका

मुलांनो, गारखेड्यात आपल्या मागच्या गल्लीत मंगलताई राहतात. गळाला लावायचे लाकडी खोटे मासे, ज्यांना तुम्ही ल्युअर म्हणता, ते त्यांच्या घरी तयार होतात. एका दुपारी त्या माझ्याकडे येऊन बसल्या आणि जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवले आहे. माझे मधले प्रश्न तेवढे गाळले.

माझा जन्म पैठणचा, धरणाच्या पाण्याकाठचा. बाप होडी घेऊन जाळं टाकायचा आणि आई टोपलं डोक्यावर घेऊन विकायला जायची, त्यामुळं मासा म्हणजे काय हे मला कुणी शिकवलं नाय, आईच्या पदराला वासच तो होता. लग्न होऊन इथं शहरात आले तवा म्हणलं, चला, सुटले मासळीतून, आणि बघते तर काय, सासरी पण मासेच, फक्त लाकडाचे. मामा, म्हणजे माझे सासरे, पांगाऱ्याचं लाकूड कोरून मासे करायचे. हौशी लोक असतात ना काकू, रविवारी गाडी घेऊन धरणावर जातात, दिवसभर उन्हात बसतात आणि मासा लागला की फोटो काढून परत सोडून देतात, त्या लोकांसाठी. मी पहिल्यांदा ऐकलं तवा लई हसले. मामा म्हणले, हसू नको, त्यांच्या त्या सोडून दिलेल्या माशावर आपली चूल पेटती.

आता यातली खुबी ऐका. सगळे मासे दिसायला एकसारखे, तीच हिरवी पाठ, तेच चांदीचं पोट, फरक काय तो पोटाच्या आत. पोटाला भोक पाडून शिशाचे छर्रे भरायचे, भोक बुजवायचं आणि वरून रंग. छर्रे कमी पडले तर मासा तरंगता. लई झाले तर दगड, सरळ तळाला, शिवडा मासा खोल पाण्यात बसतो त्याच्यासाठी. त्याच्या मधला सावकाश बुडणारा. आणि सगळ्यात अवघड तो टांगता, सोडला तिथंच पाण्यात उभा राहणार, ना वर ना खाली, गवताच्या कडेला मरळ बसलेली असती, तिच्या तोंडापुढं नुसता लटकत राहतो, आणि मग तिला राग येतो आणि ती झडप घालती. पण एकदा रंग दिला आणि चारी जाती मिसळल्या तर ब्रह्मदेवाला पण ओळखू यायच्या नाय.

म्हणून पारख करायची टबात. मामांनी मला शिकवलं, मासा पाण्याला टेकवून सोडायचा आणि तोंडानं म्हणायचं, बुड गं बाई बुड. एकदा म्हणेस्तोवर तळाला गेला तर दगड. निवांत तीनदा म्हणून झालं आणि मग टेकला तर सावकाश. मधेच थांबला तर टांगता. मग मामा बारक्या ब्रशनं शेपटीखाली ठिपका द्यायचे, दगडाला काळा, सावकाशाला पिवळा, टांगत्याला लाल, आणि तरंगत्याला काहीच नाय. ठिपका बघूनच गिऱ्हाईक घेणार, म्हणून तो मामांनीच द्यायचा. मी इतकी वर्षं टबापाशी बसून बुड गं बाई म्हणत राहिले, ब्रश काय माझ्या हातात आला नाय. मी मनाशी म्हणायचे, आज ना उद्या मलाच देतील, दुसरं हाय कोण घरात?

आणि आली की दुसरी. धाकट्या दिराची बायको, रेखा. अजिंठ्याकडची, शेतकऱ्याच्या घरची, मासा खायची पण नाय हो, पहिल्या दिवशी रस्सा वाढला तर नाकाला पदर. म्हणलं बरं झालं, ही काय आपल्या वाटेत येत नाय. मग एकदा मांजरानं दोरीवर वाळत घातलेले मासे पाडले, ठिपके द्यायचे राहिलेले, सगळे एकात एक. मी टब भरायला गेले आणि येऊन बघते तर हिनं जमिनीवर चार ढीग केलेले. म्हणलं काय खेळ मांडलास गं? तर म्हणती, बाई, तळहातावर घेतलं की कळतंय, माझी आई बियाणं असंच हातावर घेऊन भरलेलं आणि पोचट निवडती. मी एकेक टबात सोडला. एक पण चुकला नाय.

मामा म्हणले, पोरीचा हात नाय, सोनाराचा काटा हाय. काय सांगू तुम्हाला, इथं, इथं छातीत आग झाली. त्या माणसानं माझ्या भाकरीला सुद्धा कधी बरी म्हणलं नव्हतं.

तेव्हापासून गिऱ्हाईक दारात आलं की विचारायचं, धाकट्या वहिनी हायेत का? मी दारातच बसलेली, मी काय खांब हाय? तिची पोळी करपली की मला ती गोड लागायची. एकदा तव्यानं तिचा हात भाजला, मीच धावत जाऊन लावायला मध आणला, पण मनात आलंच, बघू आता काटा कसा चालतो. चालला.

मग मामांचा हात थरथरायला लागला, ठिपक्याचा डाग व्हायचा. जेवताना सगळ्यांसमोर म्हणले, या उन्हाळ्यात बघतो आणि ब्रश एकीला देऊन टाकतो. त्या रात्रीपासून मी छर्रा छर्रा मोजून भरायला लागले, जवारी निवडावी तसा. आणि मे महिन्यात मोठं गिऱ्हाईक आलं, दहाबारा जण धरणावर चालले होते, सगळ्यांना टांगतेच पाहिजेत. नळाला पाणी आठवडाभर आलेलं नव्हतं, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही पण इथंच राहता. गच्चीवरच्या काळ्या टाकीत होतं तेवढं, त्यानं टब भरला, भर दुपारी. एकेक मासा सोडला, एकेक मधे असा उभा राहिला, चित्रासारखा. माझे मलाच डोळे भरून आले. रेखानं एक हातावर घेतला आणि म्हणती, बाई, हे हलके लागतात, तरंगतील. म्हणलं, डोळे हायेत ना तुला? बघ की, पाणी खोटं बोलतंय का? मामांनी वाकून बघितलं, म्हणले, थोरलीचं बरोबर हाय, आणि त्या दिवशी ब्रश मला दिला. मी सगळ्यांना लाल ठिपके दिले, कुंकू लावल्यासारखे.

सोमवारी ते लोक आले. म्हणे, आजोबा, तुमचे मासे धरणात लाकडासारखे वर तरंगत होते, बदकं हसत होती आम्हाला. मी म्हणलं असं व्हायचंच नाय, परत त्याच टाकीतून टब भरला, परत सोडला, परत मधे उभा. सगळे माझ्याकडं बघतात, मी त्यांच्याकडं. तेवढ्यात रेखानं टबात हात घातला आणि चटकन बाहेर काढला. बाई, पाणी कढत हाय. माठातलं गार पाणी बादलीत ओतलं, तोच मासा त्यात सोडला, तर आला की वर, बुचासारखा. गरम पाणी हलकं असतं ना काकू, त्याच्यात जो टांगता तो गार पाण्यात तरंगता. मामा हसता हसता खोकायला लागले. म्हणले, मंगल, माशाची पारख करायची होती का रस्सा करायचा होता? ते दहाबारा जण पण हसले. आणि ब्रश गेला तिच्याकडं.

आता पारख माठाच्या पाण्यात करतो आणि ठिपका ती देती. वाईट नाय हो ती, मला विचारल्याशिवाय चहा सुद्धा टाकत नाय, तीच तर पंचाईत हाय, भांडायचं कशावरून?

मागच्या आठवड्यात ती भावाच्या लग्नाला अजिंठ्याला गेली होती आणि त्याच वेळेस माल पाहिजे म्हणून गिऱ्हाईक. मामा म्हणले, दे तू ठिपके. मी सावलीत टब भरला, हात घालून बघितलं, परत बघितलं, मासे सोडले, ठिपके दिले, आणि माल गेला. काल ते गिऱ्हाईक पेढे घेऊन आलं, मोठी मरळ लागली, टांगता असा की जागचा हलत नव्हता. आणि पेढे दिले कुणाला? रेखाला. वहिनी, तुमच्या हातात जादू हाय. ती म्हणती, अहो दादा, मी तर माहेरी होते. तो म्हणतो, म्हणजे जायच्या आधीच करून ठेवले, वा, याला म्हणतात जबाबदारी! ती माझ्याकडं बघून परत तोंड उघडणार तोवर त्यानं गाडी चालू केली पण. पेढा तिनं पहिला माझ्या तोंडात घातला. आता चावू का थुंकू?

खाल्ला. असू दे, देव तिचं भलं करो, तिचा हात असाच राहो, घर त्याच्यावर चालतंय. पण काकू, तुम्ही लिहिताय ना सगळं, तर तेवढं लिहा, ते ठिपके माझे होते.