मुरडीच्या वाटेवरचा चौथा

ऐका. सांगणार एकदाच. मध्ये कोणी फोन काढला तर उठून जाईन, मग बसा एकमेकांची तोंडं बघत.

गोष्ट सुहास करंगुटकराची. बाजारात त्याचं लाद्यांचं दुकान. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, आणि अक्कल त्या पोटाच्या मागून धापा टाकत यायची. या बाबानं होडी घेतली. मासे मारायची नव्हे, हौसेची. फायबरची, पांढरीशुभ्र, मागे मशीन, चार माणसं बसायची. तुझ्यासारखीच रे अनंता! हसतोस काय? तू पण गेल्या महिन्यात आणलीस ना? मग पुढे सरक आणि कान उघडे ठेव.

होडी पाण्यात लोटून आठ दिवस झालेले. आठच! आणि अवसेच्या आदल्या दिवशी खाडीच्या पलीकडच्या काठाला, कातळवाडीला, देवीची जत्रा. तिथेच त्याच्या बायकोचं, मालनचं, माहेर. मालनचा भाऊ भालू न्यायला आलेला. गाडीनं गेले असते तर दीड तासात पोचले असते, आईच्या हातचे वडे खाऊन झोपले असते. पण शेटला होडी मिरवायची! दुकान बंद करून येतो येतो म्हणता काळोख पडला. ओहोटी लागली. शहाणा माणूस मागे फिरला असता. हा धोतराला हात पुसून... नाही, धोतर कुठलं, अर्धी चड्डी घालून आला. खाली उतरला नि म्हणाला, "बसा."

धक्क्यावर शिवराम तारी बसलेला. त्या खाडीत लोकांना अल्याड-पल्याड नेण्यात त्याचा जन्म गेलेला. तिथली एक रीत होती, ती नीट ऐका. धक्क्यावरून कोणीही निघो, नवरदेव निघो की चोर, तारी विचारणार, "किती माणसं?" आणि तेवढा आकडा खाडीकडे तोंड करून पुकारणार. "पाच जण जातायत गो आई! पाचांना पोचव!" बस्. एवढंच. आकडा खरा सांगायचा. बाई पोटुशी असली तर पोटातलं पण मोजायचं. खाडीला खोटं सांगायचं नाही. का, ते कोणी विचारत नसे, कारण कोणी खोटं सांगत नसे.

"शेट, आता कुठे?" तारी वरून म्हणाला. "पाणी उतरतंय."

"उतरू दे. मशीन आहे, वल्हं नाय मारायचंय तुझ्यासारखं."

"रुंद पाण्यानं जा मग. मुरडीच्या वाटेत शिरू नका."

मुरडीची वाट म्हणजे तिवरांच्या रानातून जाणारी अरुंद फट. दोन्ही बाजूंनी चिखल, वर फांद्या, मध्ये काळं पाणी. त्या फटीतून गेलं की कातळवाडी पाव तासात. रुंद पाण्यानं तासभर. पण भरती असो की ओहोटी, तिथलं पाणी स्वतःभोवती मुरडत राहतं. वर्षानुवर्षं त्यात माणसं गेली. सगळी सापडली नाहीत.

"बरं बरं," सुहास म्हणाला. त्याचं लक्ष कुठे? नवी लाइफ जाकिटं त्यानं काढली, एक बुडाखाली घेतलं, एक भालूला दिलं, "घे, मऊ बसेल." दोन बाप्ये जाकिटांवर बसले, उशीवर बसावं तसे! मालनला पोहता येत नव्हतं. तिनं मुकाट्यानं आपलं जाकीट घातलं, पट्टे आवळले.

"ताई, तू भोपळा दिसतेस," भालू म्हणाला. तो दोन घोट लावूनच आलेला.

"दिसू दे. भोपळा बुडत नाही," मालन म्हणाली.

मशीनला लाल दोरी असते, बघितलीय ना? ती मनगटाला बांधायची. माणूस पडला की दोरी उपसून येते, मशीन जागीच बंद. विकणाऱ्यानं सुहासला तीनदा सांगितलेलं. यानं ती दोरी तशीच लोंबकळत ठेवली. म्हणे, हात अडकतो.

"किती माणसं?" तारीनं विचारलं. धक्क्यावर एकच दिवा, होडी खाली अंधारात. वरून त्याला कोण दिसणार?

"चार," सुहास म्हणाला.

"अहो, तीन आहोत!" मालन म्हणाली.

"चार माणसांची होडी आहे. तीन सांगून कमीपणा घेऊ? पुकार रे, चार!"

तारी पुकारला. "चौघे जातायत गो आई! चौघांना पोचव!"

समजलं का काय झालं? नाही समजलं ना? समजेल.

मालन मात्र निघताना तारीला ओरडून म्हणाली, "तात्या, पोचलो की पलीकडून तीनदा बॅटरी दाखवते. तासाभरात दिसली नाही तर बघा हो!" तिचा बाप जहाजावर खलाशी होता. निघताना कोणाला तरी सांगून निघायचं, एवढं त्यानं पोरीला शिकवलेलं.

निघाले. थोडं पुढे गेले आणि होडी मागून दबली. अशी, धप्पकन. कोणी तरी बाहेरून चढावं तशी. पाण्याचा एक लोट मागच्या काठावरून आत आला.

"भावोजी, पोट आवरा," भालू हसला.

"मी हललो पण नाही."

मधली फळी रिकामी होती. त्या फळीनं कर्र केलं. मालननं बॅटरी मारली. फळी ओली. आणि अनंता, ती फळी मध्ये वाकलेली होती! रिकामी फळी, वाकलेली!

"अहो, माघारी फिरवा."

"गप्प बस. फळी नवी आहे, आवाज करणारच."

मग समोर उजेड दिसला. तिवरांच्या आत, मुरडीच्या तोंडाशी. एकदा. दोनदा. तीनदा. विझला.

"बघ!" सुहास म्हणाला. "तुझ्याच माहेरची माणसं खूण देतायत. तो म्हातारा उगाच भिववतो." आणि वळवली होडी! मालननं त्याचा दंड धरला, त्यानं झटकला. शिरले आत.

आत वारा नाही. बेडूक नाही. डास नाही! तिवरांत डास नाहीत, असं कुठं असतं? वीस-पंचवीस हात गेले असतील, मशीन गुरगुरलं, आचका दिला, बंद. पंख्यात काहीतरी गुंतलं.

"गवत असेल," भालू म्हणाला आणि उभा राहिला. छोट्या होडीत कधी उभं राहायचं नाही! तो राहिला. मागे वाकला, पाण्यात हात घालून ओढू लागला. ओढून वर आणलं. गवत नव्हतं. केस होते. लांब, काळे, आणि मुळांना कातडीचा तुकडा चिकटलेला. ओला, पांढरा.

भालूला ओरडायला पण फुरसत झाली नाही. पाण्यातून हात आला, त्याच्या मानेवर बसला आणि त्याचं तोंड मशीनवर आपटलं. एकदा आपटलं, नाक फुटलं. दुसऱ्यांदा आपटलं, दात होडीत पडले. तिसऱ्यांदा ओढला खाली. सळ्‌कन. पाण्यावर बुडबुडे, दुसरं काही नाही.

"भालू! भालू रे!"

आणि भालू वर आला. उजवीकडे. नाक फुटलेलं, तोंड रक्तानं भरलेलं. "भावोजी, हात द्या!"

सुहास उजवीकडे धावला. तेवढ्यात डावीकडून आवाज. "भावोजी, हात द्या!"

डावीकडे पण भालू. तेच फुटलेलं नाक. तेच पडलेले दात.

दोन भालू! तारीनं चौघे पुकारले होते ना? चौथा मिळायला नको? त्या पाण्यातल्या भुताला, गिऱ्ह्याला, शेटनं स्वतःच्या तोंडानं जागा दिली होती. होडीत बसून झालं. आता त्याला घरी यायचं होतं. माणूस बनून, मालनच्या आईच्या हातचं जेवायला.

सुहास कुठल्या हाताकडे जाऊ म्हणून इकडे-तिकडे धावतोय, होडी कलंडतेय. मालन किंचाळली, "खाली बसा! हात देऊ नका! दोरी द्या, दोरी!" तिनं नवऱ्याच्या बुडाखालचं जाकीट दोरीला बांधलं आणि दोघांच्या मधोमध फेकलं.

डावीकडचा भालू त्या जाकिटावर तुटून पडला. मिठी मारली, रडायला लागला, आईला हाका मारायला लागला. उजवीकडच्यानं जाकिटाकडे बघितलं पण नाही. तो आपला हात पुढे करून तसाच. "हात द्या, भावोजी." जाकीट घेऊन तो करणार काय? त्याचा जीव कधीच गेलेला. त्याला माणूस पाहिजे होता. मालननं ते ओळखलं. दोरी ओढून डावीकडच्याला तिनं पुढच्या बाजूनं वर खेचला.

सुहासला आता एकच सुचलं, पळायचं. केस तुटले होते, त्यानं मशीन चालू करायची दोरी ओढली, मशीन फडफडून सुरू झालं. पण उजवीकडचा तो मागच्या काठावर चढला, सुहासच्या दंडाला लटकला आणि गेला त्याला घेऊन पाण्यात!

लाल दोरी मनगटाला नव्हती. मशीन चालूच. सुकाण एका बाजूला फिरलेलं, होडी गोल फिरायला लागली. गरगर. जिच्यावरून पडला तीच होडी त्याच्याच अंगावर येतेय! सुहासनं तोंड वाचवायला हात वर केला. पंख्यानं दोन बोटं उडवली. होडी पुढे गेली, फिरली, परत आली. दुसऱ्या फेरीला खांदा सोलला, मांस लोंबलं. तिसऱ्या फेरीला डोक्याची पाळी होती. खालून कोणीतरी पाय घट्ट धरून ठेवलेले, डोकं बरोबर पंख्याच्या वाटेत यावं म्हणून!

मालन सरपटली. उभी नाही राहिली, पोटावर सरपटली. मागे पोचली आणि ती लाल दोरी उपसून काढली. मशीन थांबलं. पंखा सुहासच्या कपाळापासून वीतभर राहिला.

मग तिनं जाकिटाची दोरी पाण्यात टाकली. सुहासनं धड हातानं धरली. त्याच्या पाठीवर तो चढलेला, लहान मूल चढावं तसा, भालूचं तोंड घेऊन. "मलाही घ्या ना. चौथा मी. मला पुकारलंय."

"भालू, मार!" मालन म्हणाली.

भालूनं वल्हं उचललं. समोर आपलंच तोंड! तुम्ही मारला असतात? त्यानं मारलं. कपाळावर मारलं, फुटलं. जबड्यावर मारलं, जबडा निखळून लोंबकळला. तरी त्या लोंबत्या जबड्यातून तेच, "मला पुकारलंय." भालू रडतोय आणि हाणतोय, रडतोय आणि हाणतोय. हाणून संपेना.

तेव्हा मालन खाडीकडे तोंड करून ओरडली, गळा फाटेस्तोवर. "गो आई, खोटं सांगितलं! माझ्या नवऱ्यानं खोटं सांगितलं! तिघेच आलो! हा आमचा नाही! तिघांनाच पोचव!"

पाणी एकदम ढवळून निघालं. त्याच्या अंगावरून भालूचं तोंड वाहून गेलं, लगदा वाहावा तसं. आत चिखल. चिखलात शिंपले. आणि दात. त्या दातांनी सुहासच्या हाताला कडकडून धरलं, खाली जाता जाता. कटकन आवाज झाला. मग काही नाही.

त्यांनी नांगर टाकला. तिघं एकमेकांना धरून पडले. सुहासच्या हातातून रक्त धो धो, मालननं पदर फाडून आवळलं. बऱ्याच वेळानं दिवा आला. शिवराम तारी, सोबत दोन गडी. तासभर झाला, पलीकडून बॅटरी दिसली नाही, म्हणून म्हातारा निघाला होता.

तारीनं हात दिला नाही कोणाला. बांबू पुढे केला. एकेकाला त्याच्या आईचं नाव विचारलं, मगच बांबू धरू दिला. शेवटी सुहास आला. अर्धा मेलेला. तारीनं त्याला आडवा केला, जखम नीट बांधलीय का बघितलं, आणि मग एक कानफटात दिली. काडकन. "आता पुकारू का चार?"

तालुक्याच्या डॉक्टरनं सुहासचा हात धुतला. म्हणाला, "ही दोन बोटं पंख्यानं गेली. सरळ कापलीत. पण हे तिसरं? हे कोणी चावून तोडलं?" डॉक्टरनं चिमट्यानं जखमेतून काहीतरी काढलं, ताटलीत टाकलं. टण्ण वाजलं. माणसाचा दात. दगडासारखा जुना, वर शेवाळ.

होडी अजून आहे. मालन चालवते. तिच्या होडीत बसायचं तर आधी जाकीट अंगात, मग पाय फळीवर. आमदार आला तरी. लाल दोरी तिच्या मनगटाला, बांगडीसारखी. सुहास पुढे बसतो, सात बोटं मांडीवर ठेवून, आणि बोलत नाही. तेवढं एक बरं झालं.

तर अनंता, तुझी होडी, तुझा जीव, मला काय! पण मुरडीच्या वाटेनं जाऊ नकोस. ओहोटीला नको, भरतीला नको, उशीर झाला म्हणून तर नकोच. कोणी हाक मारली तर दोरी फेक, हात देऊ नकोस. आणि आत उजेड दिसला तर उलटा फीर, मागे न बघता.

तिवरांत घर नाही कोणाचं. दिवा लावतो कोण?