डॅरियन फ्रीसेनचा डावा कोपरा

सन्माननीय अध्यक्ष श्री. लॉयल पेंडरग्रास्ट, व्यासपीठावर बसलेले आपल्या क्लबचे आजी-माजी पदाधिकारी, तीन-तीनशे किलोमीटर गाडी हाकत सस्काटूनला आलेले प्रशिक्षक, माझे पारखी बांधव, आणि मागच्या टेबलांपर्यंत बसलेल्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

एकतीस वर्षं मी या क्लबचा पारखी म्हणून आइस हॉकी खेळणारी मुलं पाहिली आणि त्यांच्याबद्दल लिहिलं. थंडगार बाकावर बसून, कॉफी पीत, न बोलता. असं सत्काराला उभं राहून बोलायची ही पहिलीच वेळ, तेव्हा सांभाळून घ्या.

लॉयलसाहेब आत्ता माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. इतकं चांगलं, की हा वर्न किंडराचुक कोण बुवा, असं मलाच वाटलं. माझी नजर किती पक्की, हे सांगायला त्यांनी माझा एक जुना अहवाल वाचून दाखवला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्याबद्दल आभार मानून मी खाली बसणार होतो. पण त्या अहवालाबद्दल थोडं बोलायला हवं. दहा मिनिटं घेतो. कोंबडी आधीच गार झाली आहे, आणखी काय होणार?

इथे काही जणांच्या घरची मंडळीही आली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. दर जूनमध्ये मोठे संघ अठरा वर्षांच्या मुलांची आळीपाळीने निवड करतात. तो ड्राफ्ट. कुठला मुलगा कितव्या फेरीत घ्यायचा, हे ठरवायला आमच्यासारखी माणसं वर्षभर गावोगावच्या बर्फाच्या रिंका पालथ्या घालतात. तीन वर्षांपूर्वी मेलबीचा डॅरियन फ्रीसेन नावाचा फॉरवर्ड सगळ्यांच्या यादीत वर होता. एकट्या वर्नने त्याला चौथ्या फेरीत ढकललं, आणि वर्नचंच खरं झालं, असं लॉयलसाहेब म्हणाले.

आता झालं कसं ते ऐका.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं नोव्हेंबरात. सामना संपल्यावर गाडीतून बायकोला, लोरेटाला फोन केला.

"आज एक पोरगा पाहिला. पकची चकती पोचायच्या आधी तो तिथे हजर असतो."

"आणि तू? जेवायच्या वेळेला कुठे हजर असतोस?"

"अगं, थट्टा नाही. असा पोरगा मी दहा वर्षांत पाहिला नाही."

"मग त्याला सांग, माझ्या नवऱ्याला घरी पाठव म्हणावं."

डिसेंबरअखेरपर्यंत मी त्याचे तेरा सामने पाहिले. तेराही अहवालांत 'पहिली फेरी' लिहिलं.

अकरा जानेवारीला लोरेटा गेली. सकाळी, स्वयंपाकघरात, डोक्यातली रक्तवाहिनी फुटून. तुमच्यातले बरेच जण अंत्यविधीला आले होते. त्याबद्दल मी तेव्हा आभार मानले की नाही, आठवत नाही. आज मानतो. चौथ्या दिवशी मी पुन्हा गाडी काढली. लोक म्हणाले, वर्न किती खंबीर! खंबीर कसला? मला काही वाटतच नव्हतं. कॉफीला चव नव्हती, उणे अडतीसमध्ये थंडी वाजत नव्हती. मी सामने पाहत होतो, आकडे लिहीत होतो. हात आपोआप चालत होता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मी मेलबीला डॅरियनचा चौदावा सामना पाहिला. मुलगा तोच, पण डावीकडच्या कोपऱ्यात पक गेला की थबकायचा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. उजवीकडे मात्र पूर्वीसारखाच बाणासारखा.

माझ्या शेजारी दुसऱ्या क्लबचा गॉर्ड टेसिए बसला होता. तो आज इथे आहे, पाचव्या टेबलावर. गॉर्ड, मान खाली घालू नकोस, तुझी काही चूक नाही. तो मला म्हणाला, "वर्न, या पोराला झालंय तरी काय? चल, खाली जाऊन विचारू."

मी म्हणालो, "तू जा. मला थंडी वाजतेय."

ते खोटं होतं. गॉर्डला पुढचा सामना गाठायचा होता, तो निघून गेला. आणि मी? एरवी मी काय केलं असतं? कपडे बदलायच्या खोलीबाहेर उभा राहिलो असतो. प्रशिक्षकाला, त्याच्या आईला, अगदी बस चालवणाऱ्यालाही विचारलं असतं. पारख म्हणतात ती एवढीच असते हो. नजर सगळ्यांनाच असते. त्या दिवशी मी गाडीत बसलो, हीटर लावला आणि लिहिलं: 'कोपऱ्यात जायला घाबरतो. चौथी फेरी.' तीच ती ओळ. आत्ता तुम्ही टाळ्या वाजवल्यात ती.

आमच्या धंद्यात भिंतींना नुसते कान नसतात, तोंडही असतं. मार्चमध्ये ती ओळ मुलाच्या एजंटापर्यंत पोचली आणि एजंटाने ती मुलाला ऐकवली.

पुढच्या आठवड्यात बाद फेरीचा सामना होता. मी तिथे होतो. पक डाव्या कोपऱ्यात गेला आणि डॅरियन त्याच्यामागे गेला. वेग जराही कमी न करता. समोरच्या संघाचा बचावपटू डावीकडून धक्का द्यायला आला, नियमाप्रमाणे, खांद्याने. त्याचा काही दोष नव्हता. डॅरियनने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. रिंकच्या कडेच्या फळ्यांवर आपटला आणि पडून राहिला. त्याला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा मी वहीत वेळ लिहिली, दुसऱ्या सत्रातली अकरा मिनिटं. सवयीने.

मानेचं हाड मोडलं होतं. इस्पितळात डॉक्टरांना आणखी एक गोष्ट सापडली. नाताळच्या सुट्टीनंतरच्या सरावात पक उसळून डाव्या डोळ्याला लागला होता आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. पोराने कुणाला सांगितलं नव्हतं. ड्राफ्ट सहा महिन्यांवर होता ना.

जूनमध्ये त्याचं नाव कुणी पुकारलं नाही. मला मात्र फोन आले. "मानलं तुला, वर्न! सगळे फसले, तू नाही फसलास." मी प्रत्येकाला 'थँक यू' म्हणालो.

ऑगस्टमध्ये मेलबीला गेलो. दार त्याच्या आईने, शेरिलबाईंनी उघडलं.

"मी वर्न किंडराचुक."

"माहीत आहे कोण ते. बूट काढा आणि आत या."

डॅरियन टेबलाशी मटार सोलत बसला होता, गळ्याभोवती पट्टा. मी म्हणालो, "तुझ्याबद्दल मी एक ओळ लिहिली होती."

"पाठ आहे मला, सर."

"चुकीची होती ती."

तो सोलत राहिला. "चुकीची कशाला? घाबरतच होतो मी. डावीकडून कोण येतंय ते दिसायचंच नाही. तुम्ही नसता घाबरला?"

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"आपणहून कसं सांगणार? कुणी विचारलं असतं तर सांगून टाकलं असतं बहुतेक. रोज वाटायचं, आज कुणीतरी विचारेल."

शेरिलबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. तशाच म्हणाल्या, "मी तरी कुठे विचारलं? आई असून. मला वाटलं, ड्राफ्टचं दडपण असेल." मग त्यांनी बेरीच्या केकचा तुकडा माझ्यापुढे ठेवला. मला तेव्हा रडू यायला हवं होतं, नाही का? आलं नाही. मी केक खाल्ला, ताटली विसळून ठेवली आणि घरी आलो.

डॅरियन आता एकवीस वर्षांचा आहे. बियाण्यांच्या गोदामात कामाला जातो. शनिवारी मेलबीच्या रिंकवर सहा-सात वर्षांच्या मुलांना स्केटिंग शिकवतो. मी एकदा काचेआडून पाहिलं. मान पुरती वळत नाही, म्हणून कुणी डावीकडून हाक मारली की तो अख्खा वळतो.

लॉयलसाहेब, माझी एक विनंती आहे. तो अहवाल क्लबच्या कपाटात आहे. त्याला हा कागद टाचून ठेवा. आजच सकाळी लिहिला. वाचतो: 'डॅरियन फ्रीसेन, फॉरवर्ड. पंधरा सामने पाहिले. पहिल्या फेरीच्या लायकीचा. एका डोळ्याने दहा आठवडे खेळला आणि तरीही उजवीकडे कुणाला आटोपला नाही. पाहणाऱ्याने विचारपूस केली नाही. पाहणारा: व. किंडराचुक.'

बस्स, एवढंच.

क्लबने एकतीस वर्षं माझ्यावर विश्वास टाकला, त्याबद्दल मी ऋणी आहे. अध्यक्षांचे, हा कार्यक्रम उभा करणाऱ्या मंडळींचे, मघाशी नीट वाढणाऱ्या मुलींचे आणि गॉर्डचे आभार. आनंदाच्या प्रसंगी भलतंच बोलून बसलो, कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर म्हातारा समजून पोटात घाला. त्या दुसऱ्या चुकीची माफी मात्र मी तुमच्याकडे मागत नाही. ती जिथे मागायची तिथे अजून मागितलेली नाही. त्या दिवशी नुसता केक खाऊन आलो.

उद्या शनिवार आहे. मेलबीची रिंक सकाळी नऊला उघडते. तेव्हा मला जरा लवकर निघू द्या. नमस्कार.