साहेबांचा सोनेरी मासा

कासारवाडीला राहायचो आम्ही, पिंपरीत कारखाने नुकते यायला लागले होते तेव्हा. आमचे साहेब गावी जाताना आपला लाडका सोनेरी मासा काचेच्या टाकीसकट माझ्याकडे ठेवून गेले. टाकी धुताना माशाची शेपटी दगडाला घासून फाटली. मासा गेला असता, तर माझी नोकरीही गेली असती. बायको मालवणची. ती म्हणाली, "घाबरू नकात, हळदीन जखम सुकता." तिनं मासा ताटलीत घेतला, हळद लावली, वर चिमूटभर मीठ टाकलं. तेवढ्यात दारात साहेब! त्यांनी ताटली पाहिली, मग शेजारची पेटलेली चूल पाहिली.

मी म्हणालो, "साहेब, औषध लावतोय!"

साहेब आल्या पावली वळले. जाताना एवढंच म्हणाले, "जेवणं उरकली की टाकी तेवढी पोचती करा."