वरची बत्ती

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर बसलेले फादर, चर्चच्या पुनर्बांधणी समितीचे सभासद, ज्यांना निरोप द्यायला आज आपण जमलो ते आपले किल्लीकाका, शेजारी बसलेल्या काकू, आणि समोरच्या बंधुभगिनींनो,

सर्वांना नमस्कार. मी पत्रेकाम करणारा माणूस. गळक्या पन्हळीला डाग कसा द्यायचा ते मला कळतं, भाषण कसं द्यायचं ते कळत नाही. हातातला कागद पंख्याच्या वाऱ्याने थरथरतोय असं समजावं, ही विनंती.

काकांबद्दल काय सांगावं? एकतीस वर्षं त्यांनी हे चर्च उघडलं आणि बंद केलं. खिशात एवढ्या किल्ल्या, की आधी आवाज यायचा आणि मग काका. बाकावर कोणाची छत्री राहिली तर घरपोच आणून द्यायचे, वर दोन शब्द सुनवायचे. माझी तीनदा आणून दिली आहे.

आगीला चार वर्षं झाली. चर्च पुन्हा उभं राहिलं त्यालाही सहा महिने होऊन गेले. तुम्ही सगळे आत जाऊन आलात, मी नाही गेलो. गुडघा, काम, पाहुणे, सगळी कारणं वापरून झाली. आज सकाळी काका दारात आले आणि म्हणाले, संध्याकाळी बोलणार आहेस ना, मग आधी बघून तरी घे. मी चपला घातल्या आणि त्यांच्यामागे निघालो.

आत नव्या लाकडाचा वास होता. दोनशे वर्षांच्या दगडी भिंती त्याच, घासून उजळलेल्या. बाकं नवी, छत नवं. घंटेच्या जिन्याजवळचा एक खांब तेवढा काळा ठेवलाय, आठवण म्हणून. लोक मान वर करून छताचं कौतुक करतात म्हणे. माझी मान वर होईना. आणि काका नेमके त्याच जिन्याने वर निघाले. माळ्यावर पोचेपर्यंत मी घामाने भिजलो होतो. का, ते आता सांगतो. अध्यक्ष महोदया, दोन मिनिटं जास्त घेतो.

आगीच्या दिवशी दुपारी मी त्या माळ्यावर पन्हळीचा सांधा जोडत होतो. काम चिल्लर, काकांनी सहज सांगितलेलं. मी तिथे होतो हे त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. सांधा तापवायच्या दिव्याला आम्ही बत्ती म्हणतो. बत्ती विझवली तरी तासभर तिथे बसायचं, आसपासच्या लाकडाला हात लावून बघायचं, हा आमच्या कामाचा पहिला धडा. त्या दिवशी मी बसलो नाही. लेकीचं शाळेत नाटक होतं. काकांनी खालून विचारलं, वर येऊन बघू का? मी म्हटलं, सगळं बघितलंय, तुम्ही कुलूप लावा. संध्याकाळी छत पेटलं.

चौकशीत काकांनी सांगितलं, "वरची बत्ती मी स्वतः जाऊन बघितली नाही." लिहून घेणाऱ्या साहेबांना आमची बत्ती काय माहीत? त्यांनी लिहिलं, मेणबत्ती. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की किल्लीकाकांनी मेणबत्ती जळती ठेवली. मी ते वर्तमानपत्रात वाचलं, घडी घातली आणि गप्प बसलो. लोक त्यांना काय काय बोलले ते मी याच कानांनी ऐकलंय. काकू दोन वर्षं बाजारात आल्या नाहीत. तरी मी गप्प.

आज माळ्यावर मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत? काका म्हणाले, "मला वाटलं, तू सांगशील. म्हणून थांबलो."

रागावले असते तर बरं झालं असतं.

मला भीती वाटते. हे बोलतानाही वाटते आहे. उद्यापासून मला कोण कामाला बोलावेल, माहीत नाही. तिसऱ्या रांगेत माझी लेक बसली आहे, तिच्याकडे बघायची हिंमत होत नाही. बाळ, तुझ्या नाटकाचा यात काही दोष नाही. पण काका उद्या गाव सोडून मुलाकडे चालले. ती मेणबत्ती त्यांच्याबरोबर जाऊ नये. ती त्यांची नव्हतीच.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. समितीने मला बोलायला उभं केलं, त्यांचेही आभार, आता त्यांना पस्तावा होत असला तरी. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. चार वर्षं बोललो नाही, ते मात्र सांभाळून घेऊ नका.